मापात पाप

दिवाळीला तीन आठवडे होते. सोऱ्या माळ्यावर होता. मी पेपर वाचत होतो. एवढ्या तीन गोष्टी सांगितल्या की पुढचं कुठल्याही संसारी माणसाला कळेल. स्टूल कलंडलं, ही उजव्या हातावर पडली, मनगटाचं हाड मोडलं आणि कोपरापर्यंत प्लास्टर चढलं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे. बघत ते हिच्याकडे होते, पण शिक्षा मला झाली होती.

मी वजनमापे खात्यातला निवृत्त निरीक्षक. तेहतीस वर्षं सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे बाजार पालथे घातले. लोखंडी वजन उलटं केलं की बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं ओतलेलं असतं आणि त्या शिशावर आमचा छापा. निरीक्षकाचा क्रमांक, वर्ष, तिमाहीचं अक्षर. दर दोन वर्षांनी वजन पुन्हा तपासायचं, कारण लोखंडसुद्धा झिजतं. पारड्याखाली चिकटवलेली चिंच मी पकडली आहे. दुधाच्या मापाला आतून मुद्दाम पाडलेला पोचा बोट फिरवून ओळखला आहे. असा माणूस स्वयंपाकघरात शिरला तर त्याला काय अवघड, असं मला प्रामाणिकपणे वाटलं होतं.

पहिला चहा मी मोरीत ओतला.

ही स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. प्लास्टरचा हात झोळीत. "दीड कप पाणी, अर्धा कप दूध, डब्यातला चमचा आहे त्याने दीड चमचा चहा. साखर शेवटी कपात, तुमची तुम्ही घाला."

"माझी नेहमीची एक चमचा," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. मी साखरेच्या बरणीतल्या चमच्याने एक चमचा घेतली, वरून बोट फिरवून सपाट केली, घातली, ढवळली. पहिल्या घोटाला कळलं की हा चहा नाही, पाक आहे. चमचा तोच, कप तोच, साखर त्याच बरणीतली. मी दोन्ही कपांकडे संशयाने बघितलं. हिने आपला कप डाव्या हाताने उचलला आणि म्हणाली, "माझा बरा झालाय."

दुसऱ्या दिवशीपासून मी अर्धा चमचा घालायला लागलो. तोही जरा गोडच लागत होता. पण तेव्हा डोक्याला दुसरे ताप होते.

सगळ्यात मोठा ताप म्हणजे चमचा. "आमटीला चमचाभर मीठ घाला." कुठला चमचा? "अहो, आपला नेहमीचा." आमच्या घरात नेहमीचे सात निघाले. मिसळणाच्या डब्यातला इवलासा. चहाचा. पोह्याचा. लग्नात आलेल्या सेटमधला एक, ज्याचे पाच भाऊ हरवले आहेत. मिठाच्या बरणीत कायम मुक्कामाला असलेला लाकडी. तेलाची पळी, जिला ही कधी पळी म्हणते आणि कधी मोठा चमचा. आणि चहाच्या डब्यातला पिवळट प्लास्टिकचा. हा सातवा मी उजेडात नेऊन बघितला, तेव्हा ओळख पटली. लेक लहान असताना दुधाच्या पावडरच्या डब्यातून आलेलं माप. लेक आता चौतीस वर्षांची आहे आणि मेलबर्नला असते. तिचं दूध सुटलं, माप चहात गेलं. तेव्हापासून आमच्या घरातला प्रत्येक चहा लेकीच्या दुधाच्या मापाने झाला आहे, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

लेकीनेच मागच्या खेपेला एक डिजिटल काटा आणून ठेवला होता, केक करायला. केक एकदाच झाला. मी तो काटा पुसला, सेल बदलले आणि साती चमच्यांत पाणी भरून वजन केलं. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिलिलिटर, हे एवढं धरून चालायला हरकत नाही. चहाचा चमचा साडेचारचा निघाला, त्याचाच भाऊ म्हणून मिरवणारा दुसरा सहाचा. कायद्याने नाही, पण रिवाजाने चहाचा चमचा पाच मिलिलिटरचा धरतात आणि मोठा पंधराचा. आमच्या घरातला एकही चमचा माझ्या जुन्या टेबलावर आला असता तर छापा घेऊन परत गेला नसता.

त्यात पुन्हा चमचा मोजतो जागा आणि आपल्याला हवं असतं वजन. बारीक मिठाचा सपाट चमचा साधारण सहा ग्रॅम भरतो, साखरेचा चार, हळदीचा तीनच्या आसपास. चहाची भुकटी आणि चहाची पत्ती एकाच चमच्यात वेगवेगळी बसते. म्हणजे दुकानातून पत्तीऐवजी भुकटी आली की चमचा न बदलता माप बदललं. बाजारात एवढ्यासाठी मी लोकांना नोटिसा काढल्या आहेत.

आणि शीग. हा शब्द मी नोकरीत शिकलो नाही, आजोळी खळ्यावर शिकलो. ज्वारी पायलीने मोजायची. दोन कोळवी म्हणजे एक चिपटं, दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. मोजणारा पहिल्या पायलीला "एक" म्हणत नसे, "लाभ" म्हणायचा, मग दोन, तीन. पायली भरून वर दाण्याचा जो ढीग राहतो ती शीग. शिगेसकट द्यायचं की हात फिरवून सपाट द्यायचं यावर भावाभावांत बोलणी बंद झालेली मी पाहिली आहेत. आता आपण उत्सुकता शिगेला पोचली म्हणतो, पण ती मुळात ज्वारीची होती. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा, १९५८ पासून नवी वजनं टप्प्याटप्प्याने बाजारात आली, आणि तरी माझ्या नोकरीतसुद्धा आठवडी बाजारात शेंगा मापट्याने आणि बोरं चिपट्याने विकणाऱ्या बायका होत्याच. मी त्यांना समज द्यायचो. मग त्यातलीच एखादी मापटं भरून वर शीग लावायची आणि "घ्या साहेब, पोरीला" म्हणायची. घेतली नाहीत. एकदा घेतली.

तर हिच्या चमच्याला शीग असते. किती, ते पदार्थावर. तिखटाला थोडी, साखरेला सणावारी, मिठाला जवळपास नाही. बोलताना मात्र सगळ्याला "एक चमचा". मी विचारलं, "शिगेसकट की सपाट?" ती म्हणाली, "तुम्ही आधी डाळ बघा किती शिजलीय."

हे उत्तर मला उडवाउडवीचं वाटलं. म्हणून मी पुरावा गोळा केला. लागोपाठ तीन दिवस आमटीत मीठ तिने डाव्या हाताने काढायचं आणि पातेल्यात टाकण्याआधी वाटीत, वाटी काट्यावर. पहिला दिवस ४.८ ग्रॅम. दुसरा ६.९. तिसरा ५.५. एवढी तफावत असलेला काटा मी जागच्या जागी जप्त केला असता. आणि आमटी तिन्ही दिवस तीच. चौथ्या दिवसापासून मी सरासरी काढून रोज ५.७ ग्रॅम काटेकोर घालू लागलो. पहिल्या दिवशी ठीक झाली, दुसऱ्या दिवशी अळणी, तिसऱ्या दिवशी हिने आमटीत गरम पाणी ओतून घेतलं आणि काही बोलली नाही.

मग मी चमचा सोडून हिलाच बघायला लागलो. मीठ काढताना ही चमच्याकडे बघतच नाही. पातेल्याकडे बघते. उकळी कशी फुटते, डाव बुडवला की आमटी डावाला किती चिकटते. चमचा पातेल्यापर्यंत गेला की तिथे एक क्षण थांबतो. कधी हात मागे येतो आणि दोन कण बरणीत परत पडतात. चिंच जास्त कोळली गेली असेल तर गुळाचा खडा मोठा, आणि गूळ मोठा झाला तर मीठ पुन्हा जरा वर. मी जे मोजत होतो ते सुरुवातीचं मीठ होतं. तिच्या लेखी ते माप नव्हतंच, नुसती बोहनी होती.

इथे माझी हार मी मान्य करतो. पण एका रात्री मी हटलो नाही, तेही सांगितलं पाहिजे.

शेजारच्या बिऱ्हाडातलं अडीच वर्षांचं पोर. संध्याकाळपासून जुलाब, डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालेलं, क्षारांची पुडी आणायला बाप गाडी घेऊन गेलेला, पण साडेअकरा वाजले होते आणि जवळचं दुकान बंद होतं. पोराच्या आईने येऊन विचारलं, काकू, तोवर मीठ-साखरेचं पाणी कसं करू? ही म्हणाली, "तांब्याभर पाण्यात मूठभर साखर आणि चिमूटभर…" मी मध्येच म्हटलं, थांब. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी. पाच मिलिलिटरच्या चमच्याने साखर सहा चमचे, मीठ अर्धा चमचा, दोन्ही सपाट, चाकूच्या पाठीने निपटून. इथे शीग नाही. मीठ कमी पडलं तर उपयोग कमी होतो, जास्त झालं तर आधीच सुकलेल्या पोराच्या रक्तात मीठ चढतं आणि तो प्रकार जिवावर बेततो. औषधाच्या बाटलीचं टोपण धुऊन घेतलं, त्यावर पाचची रेघ असते, आणि आमच्या सातांपैकी त्याच्या सगळ्यात जवळ येणारा चमचा मला तोवर पाठ होता. बाप पुडी घेऊन आला तेव्हा पोर वाटी-चमच्याने पाणी पीत होतं.

त्या रात्री झोप आली नाही म्हणून हिला सांगत बसलो. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात सीमेवर बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईनच्या बाटल्या पुरेनात म्हणून मीठ, ग्लुकोज, खायचा सोडा घातलेलं पाणी पिंपांतून लोकांना प्यायला दिलं आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ साली, मृत्यूनंतर. ही म्हणाली, "छावणीत चमचे कुठून आले?" प्रश्न बरोबर होता. आणि त्याचं उत्तर माझ्याच बाजूवर उलटणारं होतं, तरी सांगितलं. पुढे बांगलादेशात ब्रॅक नावाच्या संस्थेने हेच घरोघर शिकवायचं ठरवलं, तेव्हा चमचे घरोघरी वेगळे आणि साखर महाग, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून त्यांनी हातच माप केला. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. १९८० ते १९९० या दहा वर्षांत त्यांच्या शिकवणाऱ्या बायका सुमारे १ कोटी २० लाख घरांत गेल्या. पण नुसतं सांगून आल्या नाहीत. आईकडून करवून घ्यायचं, मग काही दिवसांनी दुसरं कुणी जाऊन तिला किती आठवतंय ते बघायचं, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासायचे, आणि शिकवणारीचा पगार आईला किती आठवतंय त्यावर. म्हणजे चिमटीवरसुद्धा छापा होताच, फक्त शिशावर नव्हता.

"मग माझी चिमूट काय वाईट होती?" ही अंधारात म्हणाली.

"तपासलेली नव्हती."

"झोपा आता."

दिवाळीच्या आदल्या रविवारी मेलबर्नचा फोन आला. चकल्या हसल्या होत्या. तेलात सोडल्या सोडल्या काटे विरघळून तळाला भुगा. भाजणी आमच्याकडूनच गेलेली, मोजायला वाटीसुद्धा हिची. लग्नानंतर जाताना लेक एक वाटी मागून घेऊन गेली होती. चार वाट्या भाजणीला चार मोठे चमचे कडकडीत मोहन, हे प्रमाण हिने आधी दोनदा सांगितलेलं. हिचं म्हणणं, उकड नीट मुरली नसेल. मी म्हटलं, तुझा मोठा चमचा कॅमेऱ्यासमोर धर, मागे काय लिहिलंय वाच. "वीस एमएल, बाबा." ऑस्ट्रेलियात मोठा चमचा विसाचा असतो, बहुतेक जग पंधराचा धरतं, आणि हिचा मोठा चमचा माझ्या काट्यावर चौदाचा निघाला होता. तेलाला शीग नसते, त्यामुळे दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नव्हती. छप्पनच्या जागी ऐंशी मिलिलिटर मोहन. चकली हसेल नाहीतर काय करेल? वाटी आईची आणि चमचा तिकडचा, असं अर्धं माप सासरी गेलं होतं. मी तिला उरलेल्या भाजणीला तीन चमचे सांगितलं, तेही तिसरा भरताना हात जरा आखडून. संध्याकाळी फोटो आला. आमच्या खात्याला निवृत्तीनंतर एवढं यश मिळत नाही.

त्या भरात मी चहालाही हात घातला. आयएसओ ३१०३ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, चक्क चहा करण्याचं. शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा, उकळतं पाणी ओतून झाकण ठेवायचं, सहा मिनिटं. चवीसाठी नाही हे, दोन चहांची तुलना करता यावी म्हणून. पण आपल्या दाणेदार सीटीसी चहाला सहा मिनिटं म्हणजे जन्मठेप. हिने एक घोट घेतला आणि विचारलं, "यात कपडे बुडवायचेत का?"

आता साखरेकडे येतो.

मिठाची मोजणी पूर्ण करावी म्हणून मी हिची वाण्याची वही मागितली. ही वही म्हणजे एकापाठोपाठ एक लावलेल्या अनेक वह्या आहेत, दर महिन्याचं सामान, तारखेसह. जागतिक आरोग्य संघटना म्हणते माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चहाचा चमचाही नीट भरत नाही. आमची किलोची पिशवी साधारण दोन महिने पुरत होती. दोघांत वाटली तर माणशी आठ ग्रॅम. लोणच्याचं वगळून थोडं कमी. तेवढं लिहून घेतलं आणि वही मिटणार, तोच नजर वरच्या ओळीवर गेली. साखर.

२०१२ सालात दर महिन्याला चार किलो. तेव्हा लेक घरात होती, येणंजाणं होतं, ठीक. तिचं लग्न झालं तिथे तीन. इथवर हिशोब लागतो. पुढे माणसं तीच, पाहुणे तेवढेच, दिवसाला चहा तेवढेच, आणि आकडा मात्र दर वर्षी उतरत गेलेला. अडीच. दोन. पावणेदोन. गेलं वर्षभर सव्वा. एकदम पडला असता तर माझ्याही लक्षात आलं असतं. हा झिजत गेला होता.

मी वही घेऊन दारातल्या खुर्चीसमोर उभा राहिलो. नोकरीत असा उभा राहिलो की दुकानदार आधी पाणी मागवायचे.

"हे काय?"

तिने वहीकडे पाहिलं नाही. "२०१३ ला तुमचा रिपोर्ट आला होता, आठवतंय? डॉक्टर म्हणाले साखर बंद. तुम्ही दोन चमचे घेत होता. म्हणालात बंद जमणार नाही, फार तर एकावर येतो."

"आलोच की एकावर."

"तुम्ही एकावर आलात," ती म्हणाली. "पुढची मी आणली."

"किती?"

"मोजली नाही. जरा जरा."

मी काटा आणला. वाटी ठेवली, शून्य केलं, साखरेची बरणी आणि चमचा तिच्या डाव्या हाताशी दिला. माझी नेहमीची घाल म्हटलं. तिने चमचा बुडवला, बाहेर काढला, वाटीवर नेला, क्षणभर थांबली आणि चमच्याच्या टोकावरचे दाणे बरणीत परत झटकले. काट्यावर आकडा उमटला, १.३. सपाट चमच्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. दिवसातून तीन वेळा, दहा वर्षं, वजनमापे निरीक्षकाच्या स्वतःच्या कपात, त्याच्या डोळ्यांदेखत. दर दोन वर्षांनी पुन्हा तपासायचं असतं, हे मी जिल्हाभर सांगत हिंडलो होतो.

"अजून कमी करायचा विचार होता," ती म्हणाली, "पण हात मोडला."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्लास्टर निघालं. मनगट बारीक आणि गोरं झालं होतं, बोटं ताठ. डॉक्टरांनी मऊ चेंडू दाबायला सांगितला. घरी आल्यावर तिने चेंडू बाजूला ठेवला आणि पातेलं गॅसवर चढवलं. मी ओट्याशी उभा राहिलो. चहाच्या डब्यातला पिवळट चमचा निघाला, दीड झाला. मग साखरेची बरणी उघडली तेव्हा ती अंग वळवून अशी उभी राहिली की मला फक्त तिची पाठ दिसावी.

काटा मी खोक्यात घातला आणि माळ्यावर सोऱ्याशेजारी ठेवला. स्टुलावर मीच चढलो. तिने ते खालून धरलं होतं, डाव्या हाताने.